बागा नावाची वाइन आणि सहा दिवसांचं जेवण

भाचीचा निरोप आला, "मामा, ऑक्टोबरात या. तुम्हाला आणि मामीला बागा पाजते." हिने तो वाचला आणि म्हणाली, "त्यासाठी पोर्तुगाल कशाला? बागा कुडाळहून दोन तासांवर आहे."

गोव्यातल्या किनाऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये बागा म्हणजे बारकं गोल फळ, आपल्या करवंदासारखं. कोइंब्रा आणि आवैरु या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात एक काळं द्राक्ष पिकतं, त्याला हे नाव पडलं. पट्ट्याचं नाव बैराडा. "बैराडा नाही मामा, बैऱ्हाडा. वऱ्हाड म्हणता तसा र काढा घशातून," असा धडा फोनवरच मिळाला. मी लिहिताना सोपं करून बैराडाच लिहितो. बारु म्हणजे चिकणमाती, तिच्यावरून हे नाव. म्हणजे वऱ्हाडशी नातं नसलं तरी दोघांचीही ओळख मातीचीच.

आधीच सांगून टाकतो, मी वाइनमधला जाणकार नाही. नाशिकला दोनदा जाऊन चार-चार घोट घेतलेत, एवढंच. बँकेत बत्तीस वर्षं गेली आणि जिभेचं सगळं शिक्षण माशांत झालं. तरी हे लिहितोय, कारण सहा दिवस एकाच द्राक्षाच्या मागे हिंडून मला एक गोष्ट कळली आणि ती बाटलीवरच्या चिठ्ठीवर कुठेच लिहिलेली नव्हती.

दिवस पहिला : कोइंब्रा

लिस्बनहून जलद गाडीने जेमतेम दोन तास. भाची स्टेशनवर होती. इथल्या विद्यापीठात ती चार वर्षं संशोधन करतेय. विद्यापीठ १२९० सालचं. लिस्बन आणि कोइंब्रा अशी ये-जा करून १५३७ मध्ये ते या टेकडीवर कायमचं बसलं. टेकडी चढताना माझे गुडघे बोलायला लागले. काळे झगे घातलेली पोरं-पोरी बाजूने भराभर वर जात होती.

संध्याकाळी तिने गल्लीतल्या एका छोट्या खाणावळीत नेलं. चार टेबलं, भिंतीवर फुटबॉल. तिला काहीतरी खायला मागवायचं होतं, पण मीच घाई केली. "आधी ती तुझी बागा तर बघू दे." मग दोन ग्लास आले. रंग गडद, वास आंबटसर चेरीचा. मी घोट घेतला आणि जीभ टाळूला चिकटली. हिरड्यांवर कुणी तुरटी फिरवावी तसं झालं. वर आंबटपणा असा की कानामागे कळ.

हिने माझा चेहरा बघून ग्लास ओठाला लावला, आणि लावल्यासारखा खाली ठेवला.

"गो, ह्या काय? कच्च्या केळ्याचो चीक पिल्यासारख्या वाटता."

भाची हसत राहिली. "मामी, इथे कुणी ती अशी नुसती पीतच नाही."

तेवढ्यात तिने मागवलेला राबासालचा चीजचा तुकडा आणि ब्रोआ, म्हणजे मक्याचा पाव, आला. राबासाल कोइंब्राच्या दक्षिणेला आहे. तिथलं चीज मेंढीचं आणि शेळीचं दूध मिसळून करतात. ब्रोआ हिला फार आवडली. जाड, जड, भाकरीच्या पिठाचा वास असलेली. चीज खाऊन दुसरा घोट घेतला तर तो पहिल्याइतका रागावला नाही. मी मात्र तोवर दमलो होतो. नदीकडे बघत चढ उतरलो आणि झोपलो.

दिवस दुसरा : मेल्याडा

कोइंब्राहून आवैरुकडे जाणारी साधी गाडी थांबत थांबत जाते. मेल्याडा वीसेक मिनिटांवर. उतरून मोठ्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना पाट्या, आणि जवळपास प्रत्येक पाटीवर डुकराचं पिल्लू. हसणारं, टोपी घातलेलं, एका ठिकाणी तर स्वतःच्याच हाताने ताट धरलेलं. आमच्या मालवणातल्या पाट्यांवर सुरमई हसते तसंच हे.

इथला पदार्थ लैतांव. गोव्यात किरिस्तांव लग्नांत जे मधोमध मांडतात, तेच नाव, तोच प्राणी. एका मित्राच्या लग्नात मडगावला मी तो खाल्ला होता, त्यामुळे मला वाटलं मला ठाऊक आहे. नव्हतं.

भाचीने विचारून घेतलं आणि आम्हाला मागच्या भट्टीपाशी जाऊ दिलं. विटांच्या घुमटाकार भट्ट्या, आत लाकूड जळून निखारा झालेला. द्राक्षाच्या छाटणीच्या काटक्याही त्यात घालतात. पिल्लू महिना-दीड महिन्याचं, सहा-सात किलोचं. त्याच्या पोटात वाटण भरलेलं. लसूण, मीठ, मिरी आणि चरबी, बस. हळद नाही, मिरची नाही. पोट दाभणाने शिवून, लांब बांबूएवढ्या दांड्यावर ओवून ते भट्टीत सरकवतात. दोनेक तास लागतात. मधेच भट्टीवाला दांडा बाहेर ओढतो, कातडी पुसतो, त्यावर पांढरी वाइन शिंपडतो आणि पुन्हा आत. त्यानेच ती कातडी काचेसारखी होते. भट्टीवाल्याच्या भुवया जळून विरळ झाल्या होत्या. माझ्याकडे बघून त्याने काहीतरी विचारलं. भाची म्हणाली, "तुमच्याकडे डुक्कर खातात का, असं विचारतोय." मी म्हटलं, सांग त्याला, तुमच्याच लोकांनी शिकवलं.

खरं सांगायचं तर दांड्यावरचं एवढंसं पिल्लू बघून मला कसंतरी झालं. ही तर बघायलाच आली नाही, ती डुक्कर खात नाही. पण ताट आलं आणि माझं कसंतरी होणं किती टिकलं ते लिहिण्यात अर्थ नाही.

ताटात तुकडे, संत्र्याच्या चकत्या, सॅलड आणि तळलेले बटाटे. वेटर म्हणाला "बताता". हिने चटकन मान वर केली. तिला डुक्कर नको म्हणून तिच्यासाठी भाजलेला मासा सांगितला होता, पण बताता तिने माझ्या ताटातले उचलले. पाव मागितला तेव्हा तो "पांव" म्हणाला. कोबी "कोव". हिला वाटायला लागलं की आपल्याला पोर्तुगीज येतं.

मग बाटली आली, आणि माझा गोंधळ झाला. लाल वाइन, पण फेसाळ. ग्लासात ओतल्यावर वर जांभळा फेस, जांभळाचं सरबत घुसळावं तसा. लैतांवबरोबर बहुतेक लोक इथली पांढरी फेसाळ वाइन पितात. जुन्या वळणाचे लोक मात्र ही लाल फेसाळ मागवतात. बागाचीच.

कातडीचा तुकडा तोंडात कडकन मोडला, आतली चरबी विरघळली, मागून लसूण आणि मिरी आली. पुरेशी चरबी, खरं तर पुरेशीपेक्षा जास्त. चौथ्या घासाला जीभ तेलकट होऊन सुस्त पडली. तेव्हा मी तो जांभळा फेस प्यायलो आणि तोंड एकदम धुतल्यासारखं लख्ख झालं. पाचवा घास पुन्हा पहिला. कालची तुरट म्हातारी आज घरच्या माणसासारखी वागत होती.

भाचीला मी विचारलं, हे कसं? ती रसायनशास्त्राची आहे. तिने टेबलावरच समजावलं. "मामा, कोरा चहा जास्त उकळला की तोंड कोरडं पडतं ना? त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं. दूध घातलं की ते दुधातल्या प्रथिनांना धरतं आणि तुमची लाळ सुटते. बागाची साल जाड आणि दाणा लहान, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, म्हणजे टॅनिन जास्त. त्याला धरायला काहीतरी द्यायला हवं. आणि आंबटपणा चरबी कापतो." ही म्हणाली, "म्हणजे आमसूल." भाची क्षणभर थांबली. "हो मामी. आमसूल."

मला वाटतं त्या दिवसाचं सगळ्यात नेमकं वाक्य तेच. बांगड्याच्या तिखल्यात आमसूल का घालतात हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. नुसतं आमसूल चोखून कुणी म्हणत नाही की हा पदार्थ वाईट आहे.

शेजारच्या टेबलावर एक मातीचं भांडं आलं, काळपट लाल. पिल्लाचं काळीज वगैरे रक्तात आणि वाइनमध्ये शिजवलेलं. त्याला काबिदेला म्हणतात. वास थेट सोरपोतेलचा. मागवायला पोटात जागा उरली नव्हती, याची मला अजून हळहळ आहे.

मेल्याडाचे लोक आपल्या गावच्या चार नवलांची जाहिरात करतात: पाणी, पाव, वाइन आणि लैतांव. पाणी शेजारच्या लूझुच्या झऱ्याचं. येताना गाडीत मी ते अर्धी बाटली प्यायलो आणि झोपलो. पाण्यात मला नवल काही दिसलं नाही.

दिवस तिसरा : आनाडिया आणि एक बाग

भाचीच्या सहकाऱ्याच्या काकांची आनाडियाजवळ तीन हेक्टरची द्राक्षबाग आहे. काका सत्तरीच्या पुढचे, हातांच्या रेषांत जांभळा रंग मुरलेला. आम्ही पोचलो तेव्हा ते आकाशाकडे बघत उभे होते. दमट वारा, पश्चिमेला ढग. समुद्र इथून फार लांब नाही.

बागाचं दुखणं हेच. ही जात उशिरा पिकते. बाकीच्या जाती सप्टेंबरात तोडून होतात, ही ऑक्टोबरपर्यंत वेलीवर. घड घट्ट, दाणे एकमेकांवर चढलेले, पाऊस आत शिरला की सडलंच. आणि पाऊस नेमका सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो. मी मनात हिशोब केला, तेव्हा आमच्याकडे हस्त लागलेलं असतं. भात तयार होत आलेलं आणि हत्तीचा पाऊस दारात. काकांचा चेहरा माझ्या वडिलांच्या चेहऱ्यासारखा का वाटला ते मला तेव्हा कळलं. पावसाला भिऊन लवकर तोडलं तर दाणा कच्चा, वाइन कडवट आणि करकरीत. थांबलं तर सगळंच जाण्याची भीती. म्हणून जुनी माणसं म्हणायची की दहा वर्षांत दोन-तीनदाच बागा खरी होते.

आता त्यावर एक युक्ती निघाली आहे. उन्हाळ्याच्या शेवटी अर्धे घड आधीच तोडायचे. ते आंबट असतात, फेसाळ वाइनला तसेच लागतात. उरलेल्या अर्ध्यांना वेलीची सगळी ताकद मिळते आणि ते वेळेत पिकतात. लुईश पातु यांनी ही रीत गाजवली. १९८० पासून ते स्वतःच्या नावाची वाइन काढतात, आणि बागाची अब्रू जगात वाचवली ती प्रामुख्याने त्यांनी. पातु म्हणजे बदक, म्हणून बाटलीवर बदक असतं. आधी लोक देठासकट द्राक्षं तुडवत, त्यामुळे तुरटपणा दुप्पट. त्यांनी देठ काढायला सुरुवात केली. काका मात्र अजून थोडे देठ ठेवतात. "देठाशिवाय बागा म्हणजे दात काढलेला कुत्रा," असं काहीसं ते म्हणाले. भाचीने भाषांतर करताना कुत्रा की लांडगा यावर दोन मिनिटं घालवली.

तुडवायचा दगडी हौद अजून आहे. त्याच्या पलीकडे अंधाऱ्या खोलीत लाकडी भांडी. काकांनी एकावर थाप मारली आणि म्हणाले, "पीपा."

मी म्हटलं, "पिंप!"

त्यांना वाटलं मी त्यांचा उच्चार सुधारतोय. मग भाचीने सांगितलं की आमच्याकडे पाण्याच्या टाकीला, रॉकेलच्या डब्याला, सगळ्याला पिंप म्हणतात, आणि तो शब्द तुमच्याकडूनच आलाय. काकांनी मला खांद्यावर थोपटलं. त्यानंतर ते प्रत्येक वस्तूवर हात ठेवून तिचं नाव सांगायला लागले, आणखी काही जमतंय का बघायला. बादलीला "बाल्दी". साबणाला "सबांव". आम्ही दोघं त्या तळघरात दहा मिनिटं पोरांसारखे खेळत होतो.

या बागांचा इतिहास थोडा रडका आहे. १७५६ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा बलाढ्य मंत्री मार्क्विस पोंबाल याने दोरू खोऱ्याची हद्द आखली. इंग्लंडला जाणारी पोर्ट वाइन शुद्ध राहावी म्हणून. त्या वाइनमध्ये इतर प्रांतांचा माल मिसळला जाई, तो थांबवायला त्याने बैराडातल्या वेली उपटायचा हुकूम काढला. वेल परत रुजायला बराच काळ गेला. एकोणिसाव्या शतकात भुरीचा रोग आला तेव्हा बागा त्याला टिकून राहिली, उत्पन्नही भरपूर, म्हणून सगळ्यांनी तीच लावली. १८९० मध्ये आनाडियाच्या शेतीशाळेत इथली पहिली फेसाळ वाइन झाली. विसाव्या शतकात मात्र ढीगभर बागा स्वस्त गुलाबी वाइनमध्ये वाहून गेली. बैराडाला स्वतःची अधिकृत ओळख मिळाली १९७९ मध्ये. पुढे परदेशी जाती लावायची मोकळीक मिळाल्यावर काहींना भीती वाटली की बागा हरवेल. म्हणून बाटलीवर 'क्लासिकु' लिहायचं असेल तर निम्मी तरी बागाच हवी आणि अडीच वर्षं मुरलेली हवी, असा नियम झाला.

काकांनी शेवटी एक जुनी बाटली काढली, वीस वर्षांपूर्वीची. रंग विटलेला, कडेला विटकरी. मी धीर करून घोट घेतला. तुरटपणा होता, पण वितळलेला. वास तंबाखूच्या कोरड्या पानाचा, ओल्या मातीचा, थोडा चहाच्या पेटीचा. त्याबरोबर त्यांनी फक्त ब्रोआ आणि चीज दिलं. ही दोन ग्लास प्यायली, जिने आयुष्यात फेणी पोटदुखीलाही घेतली नव्हती.

"वीस वर्षं थांबायचं म्हणजे काय," ती परतताना म्हणाली. "लोणचंसुद्धा दोन वर्षांत काळं होतं."

वाटेत आनाडियाचं वाइन संग्रहालय बघितलं. बूच काढायच्या स्क्रूंचं एक मोठं दालन आहे. शेकडो. अर्ध्या तासात बघून झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दिवस चौथा : बुसाकु

पाऊस. काकांची आठवण आली.

बुसाकुचं जंगल कार्मेलाइट साधूंनी सतराव्या शतकात राखलं आणि लावलं. आत जुना मठ, आणि मठाला खेटून बांधलेला राजवाडा. १८८८ ते १९०७ इतकी वर्षं बांधकाम चाललं आणि लगेच तीन वर्षांत राजेशाहीच गेली. आता तिथे हॉटेल आहे. बाहेरून सगळा नक्षीचा कल्लोळ, नाटकाच्या पडद्यासारखा. रचनाकार मानिनी मुळात रंगमंचाचे पडदे रंगवणारा होता, तेव्हा आश्चर्य नाही.

जंगलात एक उंच झाड आहे, सरूसारखं. त्याला लोक पूर्वी गोव्याचा देवदार म्हणायचे. समजूत अशी की ते साधूंनी गोव्याहून आणलं. खरं ते मेक्सिकोकडचं. पोर्तुगीजांना काहीही परकं दिसलं की ते गोव्याचं वाटत असणार, आणि आम्हाला बटाटा आपला वाटतो, फिटंफाट.

इथेच २७ सप्टेंबर १८१० ला वेलिंग्टनने नेपोलियनचा सेनापती मासेना याला या डोंगरावरून मागे रेटलं. मठातली वेलिंग्टनची खोली दाखवतात. मी तिथे जरा रेंगाळलो. हाच वेलिंग्टन, त्याच्या सात वर्षं आणि चार दिवस आधी, आपल्या जालन्याकडच्या असईला होता. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर. तिथे त्याची माणसं इतकी पडली की म्हातारपणीही तो आपली सगळ्यात मोठी कामगिरी म्हणून असईचंच नाव घ्यायचा, वॉटर्लूचं नाही. खोलीतल्या फलकावर असईचा उल्लेख नव्हता. कशाला असेल?

राजवाड्याच्या हॉटेलची स्वतःची वाइन आहे. बैराडातली बागा आणि शेजारच्या दांव प्रांतातलं तोरीगा नासियोनाल हे द्राक्ष एकत्र करून केलेली, गेल्या शतकापासून तळघरात मुरत पडलेली. किंमत बघितली. आम्ही तिघांत एक ग्लास घेतला. कापड चांगलं होतं, पण मला कालच्या काकांच्या घरचं मांजरपाट जास्त आवडलं.

दिवस पाचवा : मिरांडा दु कोर्वु

शांफाना हा पदार्थ कुठला यावर दोन गावं भांडतात. मिरांडा दु कोर्वु स्वतःला त्याची राजधानी म्हणवतं आणि विला नोवा द पोयारेश स्वतःला वैश्विक राजधानी. आम्ही साध्या राजधानीला गेलो, बस तिथली सोयीची होती म्हणून.

शांफाना म्हणजे म्हातारी शेळी. कोवळं पिल्लू नाही, दूध आटलेली, चिवट झालेली शेळीच हवी. काळ्या मातीच्या भांड्यात तुकडे रचायचे, त्यावर लसूण, तमालपत्र, मीठ, मिरी, चरबी आणि कोलोराव. कोलोराव म्हणजे लाल मिरचीची पूड, पण तिखट नसलेली. हे मला गंमतीचं वाटलं. मिरची आपल्याकडे आणली यांनी, आणि स्वतःसाठी मात्र फक्त रंग ठेवला. मग भांडं लाल वाइनने भरायचं, मांस बुडेपर्यंत. पाण्याचा थेंब नाही. लाकडाच्या भट्टीत चार-पाच तास, आणि नंतर भट्टी निवेपर्यंत रात्रभर तसंच.

याच्या दोन कथा सांगतात. एक सेमिडच्या मठाची. आसपासचे कुणबी खंड म्हणून शेळ्या द्यायचे, जोगिणींकडे शेळ्याही फार आणि वाइनही फार, म्हणून त्यांनी दोन्ही एकात घातलं. दुसरी फ्रेंच स्वारीची. म्हणजे पुन्हा १८१० आणि पुन्हा तोच मासेना. शत्रूला मिळू नये म्हणून विहिरी नासवल्या, मग शिजवायला पाणी उरलं नाही. वाढणाऱ्या बाईंना मी विचारलं, खरी कुठली? त्या म्हणाल्या, "जी ऐकून तुम्ही जास्त खाल ती."

भांडं टेबलावर आलं तसंच, झाकणासकट. रस्सा जवळजवळ काळा. कडेला चरबीचा थर गोठायला लागलेला. बरोबर उकडलेले बटाटे आणि पालेभाजी, दुसरं काही नाही. मांस हाडावरून बोटाने सुटत होतं. चव खोल, आंबट, लसणीची, शेवटी दगडी धुरकट. आणि ग्लासात तीच बागा, तरुण, तिखट स्वभावाची, जी पहिल्या दिवशी मला चावली होती. इथे ती चावली नाही. भांड्यातली वाइन आणि ग्लासातली वाइन एकमेकींना ओळखत होत्या, मी फक्त मधे बसलो होतो.

ही मटण खाते. गप्प बसून खात होती, हे फार क्वचित होतं.

"विंदालू ह्याचाच भाव," ती एकदम म्हणाली. पोर्तुगीजमध्ये त्याचं मूळ वाइन आणि लसूण हेच. गोव्यात वाइन कुठून आणणार, म्हणून माडाचा शिर्का आला, मग मिरची आली, तिखट झाली आणि पूर्वज ओळखू येईनासा झाला. मी तिला म्हटलं, भाऊ नाही, पणजी. त्यावर बराच वाद झाला.

उरलेल्या रश्श्यात पाव आणि कोबीची पानं घालून दुसऱ्या दिवशी जे करतात त्याला लग्नाचं सूप म्हणतात. लग्नघरी कालचं उरलेलं संपवायची आपलीही तीच रीत.

दिवस सहावा : आवैरु, आणि रात्री भाचीचं स्वयंपाकघर

सकाळी आवैरु. कालवे, रंगीत होड्या, खूप पर्यटक. ते सगळीकडे वाचायला मिळेल. आम्हाला दोन गोष्टी भावल्या.

एक ओव्हुश मोलिश. अंड्याच्या पिवळ्या बलकाचा आणि साखरेचा गोळा, शिंपल्याच्या आकाराच्या पातळ पापडात. मठांत पांढरा बलक कपड्यांना खळ करायला आणि वाइन निवळायला वापरत. पिवळा उरे, त्याचं हे गोड. म्हणजे या मिठाईच्या मागेही पिंपच. बागाबरोबर मात्र खाऊ नये. मी करून बघितलं, दोघांचंही वाटोळं होतं.

दुसरं बाकाल्याव, सुकवलेला खारा कॉड. इथून जवळच्या इल्यावुची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पार न्यूफाउंडलंडला जाऊन तो मारून आणत. दोन दिवस पाण्यात भिजवून मीठ काढतात, मग भाजून वर लसूण आणि भरपूर ऑलिव्ह तेल. माशाबरोबर पांढरी वाइन, असं मला नाशिकला शिकवलं होतं. वेटरने न विचारता लाल आणली. भाची म्हणाली, "इथे बाकाल्याव मासा धरतच नाहीत." हिने खाऊन पाहिलं. "खारो मासो तो. त्याका आंबट होयाच." जुनी, मऊ झालेली बागा आणि तेलात न्हालेला कॉड. सगळ्या आठवड्यातली हिच्या मते सर्वांत चांगली जोडी ही. मी लैतांवच्या बाजूने आहे.

रात्री भाची म्हणाली, मामा, आज तुम्ही करा. कुडाळहून मी मालवणी मसाला नेला होता, तीन डब्यांत गुंडाळून. बाजारातून शेळीचं मटण, नारळ एका आफ्रिकन दुकानातून. वाटण भाजलं तेव्हा शेजारची म्हातारी दार ठोठावून विचारून गेली की सगळं ठीक आहे ना. काकांनी दिलेली एक बाटली उघडली. मोठ्या अपेक्षेने.

सपशेल फसलं. मसाल्याच्या तिखटावर बागा पडली आणि आग दुप्पट झाली. तुरटपणा कडू झाला, आंबटपणा नुसता टोचला, वाइनमधलं जे फळ होतं ते मसाल्याच्या वासाखाली चिरडलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हिने उठून नारळाच्या उरलेल्या रसात आमसूल चुरून सोलकढी केली आणि बाटलीला बूच लावलं. वडे मात्र बागाबरोबर बरे लागले, तेलामुळे.

सकाळी विमान होतं. बाटलीत निम्म्याहून जास्त उरलेली, मटणही उरलेलं. निघायच्या आधी हिने काय केलं, तर मटण धुऊन त्याचा जास्तीचा मसाला काढला. हो, धुऊन, माझ्या डोळ्यांदेखत. ते भाचीच्या मातीच्या भांड्यात घातलं, लसणीच्या दहा पाकळ्या ठेचून टाकल्या आणि उरलेली सगळी बागा त्यावर ओतली. "मंद आचेवर भट्टीत ठेव गो, रात्रीपर्यंत विसर," असं सांगून ती टॅक्सीत बसली.

मुंबईला उतरून फोन चालू केला तर भाचीचा फोटो आला होता. रिकामं काळं भांडं, तळ पावाने पुसून लख्ख. शेजारी दोन ग्लास. दुसरा ग्लास कुणाचा हे हिने लगेच फोन करून विचारलं. शेजारच्या म्हातारीचा होता.